डोके व मेरुरज्जू यांच्या अपघाती इजा

अपघातात डोक्यावर, मानेवर किंवा पाठीवर आलेल्या बाह्य जोरामुळे मेंदू अथवा मेरुरज्जू यांना होणाऱ्या गंभीर इजांचा या नोंदीत विचार केला आहे. वाहनांचे अपघात आणि उंचावरून पडणे ही त्यांची जगभर आढळणारी दोन प्रमुख कारणे आहेत. मेंदू व मेरुरज्जू हे एकाच मध्यवर्ती चेतासंस्थेचे भाग असून दोन्ही हाडांच्या कवचात बंदिस्त असतात. दोहोंतील चेतापेशी एकदा मेल्या की त्वचेप्रमाणे किंवा हाडाप्रमाणे पुन्हा भरून येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या इजांचा अभ्यास बहुधा एकत्र केला जातो. त्याला व्यावहारिक कारणही आहे : डोक्याला जोराचा मार बसतो तेव्हा मानेलाही हिसका बसतो. म्हणून बेशुद्ध अपघातग्रस्ताची मान मोडलेली नाही हे तपासणीत सिद्ध होईपर्यंत ती मोडली आहे असेच धरून चालण्याचा वैद्यकीय प्रघात आहे.

इजेचे दोन टप्पे

आघाताच्या क्षणी जे फुटते, तुटते किंवा चिरडते तिला प्राथमिक इजा म्हणतात. ही काही सहस्रांश सेकंदांत घडते आणि कोणत्याही उपचाराने ती मागे घेता येत नाही. त्यानंतर काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत दुय्यम इजा चालू राहते. रक्तस्राव वाढतो, ऊतींना सूज येते, रक्तदाब घसरतो, प्राणवायू अपुरा पडतो आणि पहिल्या आघातातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. वैद्यकशास्त्राचा जवळजवळ सगळा प्रयत्न या दुसऱ्या टप्प्यावर केंद्रित झालेला आहे. अपघातग्रस्ताला कोणी, कसे उचलले आणि किती वेळात कोणत्या रुग्णालयात नेले, हे प्रश्न त्यामुळेच शस्त्रक्रियेइतके महत्त्वाचे ठरतात.

डोक्याच्या इजा

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १.३ ते १.४ किलोग्रॅम वजनाचा असतो. तो दृढतानिका, जालतानिका व मृदुतानिका या तीन आवरणांत गुंडाळलेला असून मस्तिष्क-मेरुद्रवात तरंगतो. कवटी ही न ताणणारी पेटी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि द्रव एवढ्याच गोष्टी मावतात. त्यांपैकी एकीचे आकारमान वाढले, तर दुसरीला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो व जॉर्ज केली या स्कॉटिश वैद्यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते. आत रक्त साचू लागले की प्रथम द्रव आणि शिरांतील रक्त बाहेर ढकलले जाते, त्यामुळे काही काळ दाब फारसा वाढत नाही. ही सवलत संपली की मात्र थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो आणि मेंदूचा खालचा भाग कवटीच्या तळाशी असलेल्या छिद्राकडे रेटला जातो. श्वसन व हृदयगती यांचे नियंत्रण करणारा मस्तिष्क-स्तंभ तेथेच आहे.

याचे ठळक उदाहरण म्हणजे दृढतानिकेबाहेरील रक्तस्राव. कानशिलाजवळचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक रोहिणी जाते. हाड तडकताना ती फाटली तर हाड आणि दृढतानिका यांच्यामध्ये रक्त साचू लागते. अशा काही रुग्णांत पहिल्या धक्क्याने क्षणभर शुद्ध हरपते, मग माणूस उठून बसतो, बोलतो, घरी चालत जातो आणि काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होतो. मधल्या या भानावर असलेल्या अवधीने अनेकांना फसवले आहे. वेळेत कवटी उघडून रक्ताची गाठ काढली तर रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो, आणि उशीर झाल्यास तोच रुग्ण दगावतो. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाका येथे फलंदाजाजवळ शिरस्त्राणाविना क्षेत्ररक्षण करत असताना भारतीय क्रिकेटपटू रमण लांबा यांच्या डोक्याला चेंडू लागला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले, परंतु थोड्याच वेळात त्यांची प्रकृती ढासळली. कवटीतील रक्तस्रावाने तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्याआधी मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांची कवटी चार्ली ग्रिफिथ यांच्या चेंडूने फुटली होती. तातडीच्या शस्त्रक्रियेने ते वाचले. त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी व पॉली उम्रीगर होते.

दृढतानिकेखालील रक्तस्राव शिरांतून होतो. तरुणांत तो जबर आघातासोबत येतो आणि मेंदूही चेचलेला असल्याने अधिक घातक ठरतो. वृद्धांत त्याचे रूप वेगळे असते. वयोमानाने मेंदू आक्रसल्यामुळे कवटीशी जोडणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात आणि न्हाणीघरात पाय घसरण्यासारख्या किरकोळ घटनेनेही त्या फाटू शकतात. रक्त इतके हळू साचते, की आठवड्यांनंतर चालण्यात अडखळणे, विसरभोळेपणा किंवा सततची झोप एवढीच लक्षणे दिसतात आणि घरची माणसे ती म्हातारपणावर ढकलतात. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो.

कवटीला साधा तडाही न जाता होणारी एक गंभीर इजा आहे. वेगात असलेले डोके एकाएकी थांबते किंवा गरकन फिरते तेव्हा मेंदूचे निरनिराळे थर वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि त्यांना जोडणारे चेतातंतू ताणले जाऊन तुटतात. रुग्ण घटनेच्या क्षणापासून गाढ बेशुद्धीत असतो, तरीही सी. टी. स्कॅनमध्ये फारसे काही दिसत नाही. ‘स्कॅन चांगला आहे, मग शुद्ध का येत नाही?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या इजेत असते.

शुद्धीचे मोजमाप करण्यासाठी ग्रॅहॅम टीसडेल व ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ग्लासगो येथे एक मापनश्रेणी मांडली. डोळे उघडणे, बोलणे आणि हातापायांची हालचाल या तीन गोष्टींना गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. ती कमीत कमी ३ व जास्तीत जास्त १५ येते. १३ ते १५ गुणांची इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी गुणांची गंभीर मानतात. या श्रेणीला कोणतेही यंत्र लागत नाही, आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका व शहरातील मेंदूचे शल्यविशारद दोघेही एकाच भाषेत बोलू शकतात. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो तासागणिक चढतो की उतरतो, हे अधिक बोलके असते.

मेरुरज्जूच्या इजा

मेरुरज्जू कवटीच्या तळापासून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापर्यंत पोहोचतो. त्याची लांबी सुमारे ४५ सेंमी. असून जाडी करंगळीएवढी भरते. त्यातून चेतांच्या ३१ जोड्या निघतात. इजा जितकी वर, तितका शरीराचा अधिक भाग मेंदूपासून तुटतो. मानेतील तिसऱ्या ते पाचव्या चेता श्वासपटल चालवतात, त्यामुळे त्यांच्या वर पूर्ण इजा झाल्यास माणूस स्वतः श्वास घेऊ शकत नाही. पाचव्या पातळीखाली इजा झाल्यास कोपर वाकवता येते, सहाव्या पातळीखाली मनगट उचलता येते, आणि सातवी पातळी शाबूत असेल तर कोपर सरळ करून हातांच्या जोरावर खुर्चीतून पलंगावर सरकता येते. एका मणक्याच्या अंतरावर माणसाचे स्वावलंबन असे अवलंबून असते. चारही अवयव निकामी झाल्यास चतुरांगघात आणि केवळ पाय व धडाचा खालचा भाग गेल्यास अधरांगघात म्हणतात.

लुळेपण हे या इजेचे फक्त वरून दिसणारे रूप आहे. लघवी व शौच यांवरील ताबा, स्पर्श आणि वेदना, घाम येणे, रक्तदाबाचे नियमन, लैंगिक क्रिया हे सर्व बिघडते. आघातानंतर काही दिवस ते आठवडे इजेखालील सर्व प्रतिक्षेप बंद पडतात. या अवस्थेत इजा पूर्ण आहे की अपूर्ण हे ठामपणे सांगता येत नाही. गुदद्वाराभोवतीची थोडीशी संवेदना जरी शिल्लक असली, तरी ती इजा अपूर्ण समजली जाते व सुधारणेची शक्यता बरीच वाढते.

मान मोडल्याने अंग लुळे पडते हे माणसाला फार पूर्वी कळले होते. इ. स. पू. १६०० च्या सुमाराच्या, एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्तमधील पपायरसात ४८ रुग्णांची वर्णने आहेत. त्यांपैकी मणका निखळून हातपाय निकामी झालेल्या रुग्णाच्या बाबतीत, या व्याधीवर उपचार करू नयेत असा निर्णय तेथे दिला आहे. हा निर्णय सुमारे साडेतीन हजार वर्षे जवळजवळ तसाच टिकला.

भारतातील कारणे

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ५०,०२९ जण हेल्मेट न घातलेले दुचाकीस्वार किंवा त्यांचे सहप्रवासी होते. जे जगले, पण पूर्ववत झाले नाहीत, त्यांची मोजदाद अशा अहवालांत होत नाही.

पडून होणाऱ्या इजांचे स्वरूप प्रदेशागणिक बदलते. कठडा नसलेली गच्ची, बांधकामाची परांची, कोकणात व गोव्यात नारळी-पोफळीची झाडे, देशावर विहिरीचा काठ ही नेहमीची ठिकाणे आहेत. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या विहिरीत किंवा नदीच्या उथळ डोहात सूर मारल्याने तळावर डोके आपटून मानेचा मणका फुटतो; अशी बहुतेक मुले व तरुण पट्टीचे पोहणारे असतात. डोक्यावर जड ओझे वाहताना तोल जाऊन मान मोडणे, दुचाकीच्या चाकात पदर किंवा ओढणी अडकणे, मळणीयंत्रात वस्त्र ओढले जाणे हे प्रकार परदेशी पाठ्यपुस्तकांत क्वचितच सापडतात, पण भारतीय रुग्णालयांना ते परिचित आहेत.

महाराष्ट्रात दहीहंडीच्या मनोऱ्यांवरून पडून दरवर्षी गोविंदा जखमी होतात. वरचा गोविंदा उंचावरून कोसळतो आणि खालच्या थरांतील तरुणांच्या माना-पाठींवर तो भार येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोऱ्याची उंची २० फुटांपर्यंत मर्यादित केली व १८ वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन परत आले. २०१७ मध्ये उंचीची मर्यादा उरली नाही आणि १४ वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ न देण्याचे राज्य शासनाचे म्हणणे न्यायालयाने नोंदवून घेतले.

घटनास्थळी

अपघात झाल्यावर जमलेले लोक जखमीला काखेत व गुडघ्यांखाली हात घालून उचलतात आणि रिक्षाच्या किंवा मोटारीच्या आसनावर मुडपून बसवतात. हेतू चांगला असतो, परंतु मोडलेल्या मणक्याचे टोक या हालचालीत मेरुरज्जूत घुसू शकते व अपूर्ण इजा पूर्ण होऊ शकते. आग, बुडणे किंवा भरधाव वाहतूक असा धोका नसेल, तर प्रशिक्षित माणसे येईपर्यंत जखमीला हलवू नये. एकाने डोक्याच्या दोन्ही बाजूंना हात ठेवून मान सरळ रेषेत धरावी. हलवणे अटळ असेल तर तीन-चार जणांनी डोके, धड व पाय एकाच वेळी, ओंडका वळवावा तसे वळवून फळीवर घ्यावे. घरचे दार किंवा बाकाची फळीसुद्धा चालते.

श्वासमार्ग मोकळा ठेवणे याहूनही आधी येते. बेशुद्ध माणूस ओकला तर मान न वळवता सर्व शरीर कुशीवर करावे. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. कांदा हुंगवणे, तोंडावर पाणी मारणे यांचा उपयोग नाही. कान किंवा नाक यांतून रक्त अथवा पातळ द्रव येत असल्यास बोळा कोंबू नये. हेल्मेट श्वासाला अडथळा करत नसेल तर काढू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून उपलब्ध आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने लोक मदत टाळतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १३४-अ ने त्यांना वैधानिक आधार दिला. मदत करणाऱ्यावर आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. रस्ते अपघातातील जखमींवर ठरावीक रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार देणारी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली.

रुग्णालयातील उपचार

गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. स्कॅन यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. त्यापूर्वी कवटीत रक्त नेमके कोठे साचले आहे हे बहुतांशी अनुमानानेच ठरवावे लागे. आता काही मिनिटांत गाठीची जागा व आकार कळतो. मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढतात. सूज आटोक्यात येत नसेल तर कवटीचा तुकडा काही महिने काढून ठेवतात. बाकी उपचार साधे दिसतात, पण त्यांत खंड पडून चालत नाही : रक्तदाब व प्राणवायू घसरू न देणे, डोक्याची बाजू किंचित उंच ठेवणे, झटके रोखणे, सोडियम व साखरेवर नजर ठेवणे.

सूज उतरवण्यासाठी डोक्याच्या इजेत स्टेरॉइड देण्याची पद्धत अनेक दशके रूढ होती. १०,००८ रुग्णांच्या ‘क्रॅश’ या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा औषध दिलेल्यांपैकी २१.१ टक्के व न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावल्याचे दिसले. तर्काला पटणाऱ्या उपचाराने इतकी हानी होत असल्याचे उघड झाल्याची उदाहरणे वैद्यकात थोडी आहेत. ती प्रथा त्यानंतर मागे पडली.

मणक्यांच्या शस्त्रक्रियेत पट्ट्या व स्क्रू बसवून कणा स्थिर करतात आणि मेरुरज्जूवरील दाब काढतात. तुटलेला मेरुरज्जू त्यामुळे जुळत नाही. तो जोडण्याचा दावा करून मूलपेशींचे महागडे उपचार विकले जातात. त्यांची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. मेरुरज्जूवर विद्युत अग्रे ठेवून सौम्य प्रवाहाने हालचाल जागवण्याचे प्रयोग मात्र काही रुग्णांत आशादायक ठरले आहेत.

मस्तिष्क-स्तंभ कायमचा बंद पडल्यास भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचे मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू प्रमाणित करते. त्यानंतर नातेवाइकांच्या संमतीने अवयवदान होऊ शकते.

प्रतिबंध

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले व सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करी मोटारसायकलस्वारांच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता दाखवून दिली. ब्रिटिश सैन्याने ते सक्तीचे केले. आजवरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण सांगते, की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी व मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हेल्मेट सक्तीचे करते; २०१९ च्या सुधारणेनुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकी प्रवाशाला ते लागू आहे. पुण्यासह अनेक शहरांत या सक्तीला वारंवार विरोध झाला आहे. हनुवटीखालचा पट्टा न बांधलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यातच उडून जाते. मोटारीच्या मागील आसनावरील पट्ट्याबाबतही अशीच उदासीनता आहे. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागील आसनावर होते. मानेच्या मणक्यांना व यकृताला झालेली इजा त्यांना घातक ठरली. त्यांनी पट्टा लावला असता तर ते वाचू शकले असते, असे मत तत्कालीन आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी व्यक्त केले होते.

इजेनंतरचे आयुष्य

पहिल्या महायुद्धात मेरुरज्जूची इजा झालेले बहुसंख्य सैनिक शय्याव्रण व मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग यांनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरत. नाझी राजवटीतून इंग्लंडला आलेले ज्यू चेताविकारतज्ज्ञ लुडविग गुटमान यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे विभाग सुरू केला तेव्हा त्यांचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलणे हे होते. व्रण थांबले, रुग्ण जगू लागले, आणि जगलेल्यांना काम व खेळ हवा हा पुढचा प्रश्न उभा राहिला. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, त्यांनी १६ अपंग खेळाडूंची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिक चळवळीचा उगम तेथे मानतात. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले होते. त्यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर जलतरणात भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

भारतातील पुनर्वसनवैद्यकाचा एक महत्त्वाचा धागाही एका अपघातापासून सुरू होतो. वेल्लोर येथील डॉ. मेरी वर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात अधरांगघाताने जायबंदी झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे न्यूयॉर्कला पुनर्वसनशास्त्राचे प्रशिक्षण घेतले आणि वेल्लोरला त्या विभागाचे नेतृत्व केले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र शासनाची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था कार्यरत आहे, तर पुण्याजवळ खडकी येथे सैन्यदलांतील अधरांगघातग्रस्तांसाठी पुनर्वसन केंद्र आहे.

अशी केंद्रे गरजेच्या मानाने तुटपुंजी आहेत आणि बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर थेट घरी जातात. तेथे कूस बदलणे, दिवसातून चार ते सहा वेळा स्वच्छ नळीने लघवी काढणे, सांधे आखडू न देणे ही कामे आई, पत्नी किंवा बहीण करते आणि अनेकदा कोणीही तिला ती शिकवलेली नसतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर इजा असलेल्या रुग्णाची नळी तुंबली, तर रक्तदाब अचानक धोकादायक पातळीवर चढतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो. अशा वेळी रुग्णाला लगेच उठून बसते करावे व नळी मोकळी करावी, एवढे ठाऊक असल्यास जीव वाचतो. डोक्याच्या इजेतून उठलेल्यांच्या घरचा प्रश्न आणखी अवघड असतो. माणूस चालतो-बोलतो, पण चिडखोर किंवा उदासीन झालेला असतो, त्याला हिशेब जमत नाही, नोकरी टिकत नाही. बाहेरून काही दिसत नसल्याने त्याचे अपंगत्व सिद्ध करणेही कठीण जाते, आणि भरपाईच्या दाव्यात किंवा प्रमाणपत्राच्या रांगेत अशा कुटुंबांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात.